सबमर्सिबल पंपाची केबल : अ‍ॅम्पिअरइतकेच मीटरही मोजावेत

विंधन विहिरीतील मोटर जळाली की दोष बहुधा मोटरीच्या उत्पादकाला, वायरमनला किंवा विजेच्या कमी दाबाला दिला जातो. पंप वर काढला जातो, रिवाइंडिंग होते आणि दुरुस्त मोटर पुन्हा त्याच केबलला जोडून त्याच खोलीवर सोडली जाते. तोवर उभ्या पिकाची एक पाळी चुकलेली असते आणि पंप काढण्या-सोडण्याची मजुरी वेगळी द्यावी लागते. या सर्व खटाटोपात केबलकडे क्वचितच कोणाचे लक्ष जाते. ती तुटलेली नसते, तिच्यातून वीज जात असते, हात लावून पाहिल्यास ती फारशी तापलेलीही लागत नाही. तिचा दोष एवढाच असतो की त्या अंतरासाठी ती बारीक असते, आणि हा दोष हिशेब मांडल्याशिवाय दिसत नाही.

दुकानातील तक्ता काय सांगतो, काय सांगत नाही

केबल खरेदी करताना शेतकरी अश्वशक्ती सांगतो आणि दुकानदार तक्ता पाहून जाडी सुचवितो. साडेसात अश्वशक्तीची तीन फेजची मोटर पूर्ण भारावर साधारण 13 अ‍ॅम्पिअर प्रवाह घेते. तांब्याच्या 2.5 चौरस मिलिमीटर जाडीच्या, तीन कोअरच्या चपट्या केबलची प्रवाहक्षमता 40 अंश सेल्सिअस तापमानाला उत्पादकांच्या तक्त्यांत साधारण 18 अ‍ॅम्पिअर दिलेली असते. तेरा अठरापेक्षा कमी, म्हणून ‘अडीच एमएम’ची केबल पुरे, असे उत्तर मिळते. तक्ता खोटा नसतो. परंतु एवढा प्रवाह वाहिल्यास केबलचे पीव्हीसी आवरण सहन करण्यापलीकडे तापणार नाही, इतकीच हमी तो देतो. ती केबल दहा मीटरची आहे की तीनशे मीटरची, याची तक्त्यात कोठेही नोंद नसते. घरातील वायरिंगमध्ये अंतरे लहान असल्यामुळे तक्ता पुरतो. शेतात तो पुरत नाही.

दुसरी फसगत मोटरीतून बाहेर आलेल्या मूळ वायरीमुळे होते. ‘कंपनीने जी जाडी दिली तीच वर जोडावी’ असा सल्ला अनेक ठिकाणी ऐकू येतो. मोटरीची ही वायर दोन-तीन मीटरचीच असते आणि सतत पाण्यात राहून थंड होत असते. त्यामुळे ती बारीक असूनही चालते. पुढच्या शेकडो मीटर केबलला तो नियम लावणे म्हणजे घोटभर पाण्याच्या नळीने शेत भिजविण्यासारखे आहे.

दाब कोठे हरवतो

प्रत्येक तारेला विद्युतरोध असतो. तारेची लांबी वाढली की तो त्याच प्रमाणात वाढतो, जाडी वाढली की घटतो. तांब्याच्या लवचीक तारांसाठी भारतीय मानकाने 20 अंश तापमानाला, एक किलोमीटर लांबीसाठी, विद्युतरोधाची कमाल मर्यादा ठरवून दिली आहे : 2.5 चौरस मिलिमीटरला 7.98 ओहम, 4 ला 4.95, 6 ला 3.30 आणि 10 ला 1.91 ओहम. तापल्यावर तांब्याचा रोध वाढतो. 50 अंशांवर तो सुमारे 12 टक्के अधिक असतो.

एक उदाहरण घेऊ. विंधन विहिरीत पंप 90 मीटर, म्हणजे साधारण 300 फुटांवर सोडला आहे. स्टार्टरची पेटी बांधावरच्या खोलीत असून तेथून विहिरीचे तोंड 110 मीटर दूर आहे. केबलची एकूण लांबी 200 मीटर झाली. मोटर साडेसात अश्वशक्तीची, प्रवाह 13 अ‍ॅम्पिअर, पॉवर फॅक्टर 0.8 आणि तार 50 अंशांपर्यंत तापलेली धरल्यास 2.5 च्या केबलमध्ये सुमारे 32 व्होल्ट हरवतात. हे 415 व्होल्टच्या जवळजवळ 8 टक्के झाले. हीच घट 4 च्या केबलमध्ये 20 व्होल्ट, 6 च्या केबलमध्ये 13 व्होल्ट आणि 10 च्या केबलमध्ये 8 व्होल्टांपेक्षा थोडी कमी राहते. केबलमधील घट 3 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे साडेबारा व्होल्टांच्या जवळ ठेवावी, हा व्यवहारात मान्य असलेला संकेत आहे. त्या कसोटीवर 2.5 आणि 4 या दोन्ही केबली नापास होतात.

हरवलेला दाब उष्णतेच्या रूपाने बाहेर पडतो. वरील उदाहरणात 2.5 च्या केबलमध्ये सुमारे 905 वॉट वाया जातात. म्हणजे साडेसात अश्वशक्तीच्या मोटरीसोबत सव्वा अश्वशक्तीची एक शेगडीही अखंड चालू असते. 6 च्या केबलमध्ये हा अपव्यय 375 वॉटच्या आत येतो. वर्षाला हजार तास पंप चालत असेल तर दोहोंतील फरक सुमारे 530 युनिटचा पडतो. महाराष्ट्रात साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना एप्रिल 2024 पासून मोफत वीज आहे; पंजाब, तमिळनाडू, तेलंगणा या राज्यांतही शेतीची वीज मोफत मिळते. त्यामुळे हे युनिट शेतकऱ्याच्या बिलात दिसत नाहीत आणि जाड केबलची किंमत मात्र रोख मोजावी लागते. बारीक केबलीचा मोह सुटत नाही तो यामुळे. मात्र मोटर जळाल्याचा खर्च कोणत्याही योजनेतून मोफत होत नाही.

हिशेबाची सोपी रीत

कार्यक्षेत्रावर काम करणाऱ्या विस्तार कर्मचाऱ्याला दर वेळी सूत्र मांडण्याची गरज नाही. तीन फेजच्या मोटरीसाठी प्रवाहाचे अ‍ॅम्पिअर आणि केबलचे एकूण मीटर यांचा गुणाकार करून त्याला 400 ने भागावे. आलेले उत्तर म्हणजे 3 टक्के घटीसाठी लागणारी तांब्याच्या केबलची जाडी, चौरस मिलिमीटरमध्ये. यात 415 व्होल्ट दाब, 0.8 पॉवर फॅक्टर आणि 50 अंशांवरचा विद्युतरोध गृहीत आहे. वरील उदाहरणात 13 गुणिले 200 म्हणजे 2600, भागिले 400, उत्तर 6.5. बाजारात 4, 6, 10 अशा जाड्या मिळतात, तेव्हा निवड 6 आणि 10 यांच्यात करावयाची. रोहित्र जवळ असेल आणि स्टार्टरवर दाब चारशेच्या आसपास टिकत असेल तर 6 घेण्यास हरकत नाही. वाहिनीच्या शेवटच्या टोकाला, जेथे सायंकाळी दाब 360-370 पर्यंत उतरतो, तेथे 10 चीच निवड शहाणपणाची ठरते. कारण तेथे केबलमध्ये घालविण्यासाठी एकही व्होल्ट शिल्लक नसतो. दोन उत्तरांच्या मध्ये सापडल्यास खालच्या जाडीकडे झुकण्याची सवय सोडावयास हवी.

अ‍ॅम्पिअरचा आकडा मोटरीच्या नेमप्लेटवरूनच घ्यावा, अंदाजाने नव्हे. एकाच अश्वशक्तीच्या दोन मोटरींत दोन-दोन अ‍ॅम्पिअरचा फरक सहज आढळतो. लांबी मोजताना विंधन विहिरीची खोली धरून थांबू नये. मीटरच्या पेटीपासून स्टार्टरपर्यंतची, स्टार्टरपासून विहिरीच्या तोंडापर्यंतची आणि तोंडापासून मोटरीपर्यंतची, अशा तिन्ही टप्प्यांची घट मोटरीच्या वाट्याला येते.

एक फेजच्या मोटरीत हा प्रश्न अधिक बिकट होतो, कारण प्रवाह एका तारेने जातो, दुसरीने परततो आणि मुळात दाबच 230 व्होल्ट असतो. तेथे 400 ऐवजी 150 ने भागावे. एक अश्वशक्तीची मोटर साधारण 8 अ‍ॅम्पिअर घेते. शंभर मीटर केबलसाठी उत्तर 5.3 येते, म्हणजे 6 चौरस मिलिमीटर. प्रत्यक्षात अशा पंपांना सर्रास 1.5 ची केबल लावलेली आढळते आणि तिच्यात दहा टक्क्यांहून अधिक दाब हरवतो. ‘छोटी मोटर, छोटी वायर’ हा समज येथे सर्वाधिक महागात पडतो.

स्टार-डेल्टा स्टार्टरच्या मोठ्या मोटरींना दोन केबली जातात. प्रत्येक तारेतून मूळ प्रवाहाच्या 58 टक्के प्रवाह वाहतो, म्हणून दोन केबलींची मिळून जाडी दुप्पट झाली असे मानले जाते. दाबाच्या घटीचा हिशेब मात्र वेगळा निघतो : 4 च्या दोन केबली 6 च्या एका केबलीइतकेच काम करतात.

रिलेचा काटा फिरविण्याचा प्रघात

दाब कमी झाला म्हणून पंपाचे काम कमी होत नाही. तेवढेच पाणी तेवढ्याच उंचीवर उचलण्यासाठी मोटर अधिक प्रवाह ओढते. अधिक प्रवाहामुळे केबलमध्ये आणखी दाब हरवतो आणि वाइंडिंग तापू लागते. स्टार्टरमधील ओव्हरलोड रिले अशा वेळी मोटर बंद करतो. तो त्याचे कामच करीत असतो. परंतु रात्रीच्या पाळीत वारंवार बंद पडणारा पंप कोणालाच परवडत नाही. मग रिलेचा काटा दोन-तीन अ‍ॅम्पिअर पुढे सरकविला जातो, पंप ‘सुरळीत’ चालू लागतो आणि काही दिवसांत मोटर जळते. रिले नेमप्लेटवरील प्रवाहापेक्षा वर सरकविलेला आढळल्यास विस्तार कर्मचाऱ्याने सर्वप्रथम केबलची लांबी आणि जाडी विचारावी.

मोटर सुरू होण्याच्या क्षणी ताण सर्वाधिक असतो. थेट सुरू होणारी मोटर त्या क्षणी नेहमीच्या पाचपट किंवा त्याहून अधिक प्रवाह ओढते. स्टार्टरवर 380 व्होल्ट आहेत असे धरल्यास वरील उदाहरणात 2.5 च्या केबलीनंतर मोटरीपर्यंत सुमारे 310 व्होल्टच पोहोचतात. मोटरीचे फिरविण्याचे बळ दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, म्हणून ते 415 व्होल्टवरील बळाच्या निम्म्याहून थोडे अधिक, साधारण 55 टक्के उरते. 6 च्या केबलीवर ते 70 टक्क्यांच्या जवळ राहते. स्वच्छ पाण्यात पंप 55 टक्क्यांवरही फिरतो. पण वाळू येणाऱ्या विंधन विहिरीत, विशेषतः काही दिवस बंद राहिलेल्या पंपात, जाम झालेला पंखा सुटण्यासाठी नेमके हेच उरलेले बळ लागते. ऑटो स्विचमुळे वीज येताच एका रोहित्रावरील सर्व पंप एकदम सुरू होतात आणि दाब आणखी कोसळतो. ऑटो स्विच काढून कॅपॅसिटर बसविण्याचे वीज कंपनीचे आवाहन त्यासाठीच असते. कॅपॅसिटरबाबत एक खुलासा आवश्यक आहे. स्टार्टरजवळ बसविलेला कॅपॅसिटर वाहिनीवरचा आणि रोहित्रावरचा भार हलका करतो. स्टार्टरपासून खाली मोटरीपर्यंत जाणाऱ्या केबलीतील प्रवाह त्याने कमी होत नाही. कॅपॅसिटर लावला म्हणून बारीक केबल चालेल, असे समजू नये.

बसविलेल्या पंपाची केबल पुरेशी आहे की नाही, हे पंप न काढताही तपासता येते. पंप चालू असताना टोंग टेस्टरने तिन्ही फेजचा प्रवाह मोजावा, स्टार्टरवरचा दाब पाहावा, केबलची लांबी विचारून घ्यावी आणि वरील रीतीने लागणारी जाडी काढावी. स्टार्टरवरचा दाब पंप बंद असताना आणि चालू असताना असा दोनदा घ्यावा. पंप सुरू होताच तेथेच पंधरा-वीस व्होल्ट उतरत असतील, तर दोष खालच्या केबलीआधी मीटरपासूनच्या वायरीत किंवा पुरवठ्यात शोधावा लागेल.

खरेदी करताना

पंपासाठी बारीक तारांच्या जुडग्याची लवचीक केबलच घ्यावी. पंप दर दोन-तीन वर्षांनी वर येतो, केबल गुंडाळली आणि उलगडली जाते. एकसंध जाड तार अशा वाकण्याने आतून तुटते. केबल चपटी असण्यालाही कारण आहे. सहा इंची विंधन विहिरीत पंप आणि केसिंग यांच्यामधील फट अरुंद असते. तीन कोअर एका ओळीत असलेली केबल पाइपाला चिकटून बसते; गोल केबल त्या फटीत घासली जाते.

पीव्हीसी केबलसाठी आय.एस. 694 हे भारतीय मानक आहे. केबलीवर मानक चिन्ह, ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक, जाडी आणि उत्पादकाचे नाव छापलेले असावे. हा क्रमांक भारतीय मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर तपासता येतो. तथापि छापील आकडा आणि आतले तांबे यांत अंतर असलेली केबल बाजारात मिळते, आणि ती नेमकी ‘स्वस्त’ म्हणून खपते.

ते तांबे पारखण्याची एक घरगुती रीत आहे. केबलीचा बरोबर एक मीटरचा तुकडा कापून आवरण सोलावे आणि तिन्ही कोअरमधील तांबे सराफाच्या काट्यावर वजन करावे. 2.5 च्या केबलीत साधारण 65 ग्रॅम, 4 च्या केबलीत 105 ग्रॅम आणि 6 च्या केबलीत 160 ग्रॅम तांबे अपेक्षित आहे. मानक वजनावर नसून विद्युतरोधावर आधारलेले असल्यामुळे दहा टक्क्यांपर्यंतची तूट लगेच फसवणूक ठरत नाही. 105 च्या ठिकाणी 75 ग्रॅम भरल्यास मात्र ती केबल 4 ची नव्हे. अ‍ॅल्युमिनिअमवर तांब्याचा मुलामा दिलेली तारही अशाच वेळी उघडी पडते : वजन निम्म्याहून कमी भरते आणि पात्याने खरवडल्यास आत पांढरा धातू दिसतो. साध्या मल्टिमीटरने विद्युतरोध मोजण्याचा खटाटोप करू नये. शंभर मीटर केबलचा रोध अर्ध्या ओहमच्या आसपास असतो आणि तेवढे बारीक वाचन त्या उपकरणाच्या आवाक्याबाहेर असते.

जमिनीवरचा टप्पा

स्टार्टर ते विहिरीचे तोंड हा टप्पा सर्वाधिक हाल सोसतो. उघड्यावरचे आवरण उन्हाने कडक होऊन तडकते, उसात उंदीर कुरतडतात, पाचट पेटविले की केबल त्यात जळते, रोटाव्हेटरचे पाते ती सहज कापते. त्यात चोरीची भर. तांब्यासाठी पंपाच्या केबली कापून नेण्याचे प्रकार इतके नित्याचे आहेत की ‘चोरीलाच जाणार, मग जाड कशाला’ असा युक्तिवाद शेतकरी करतो, आणि तो अगदीच निराधार म्हणता येत नाही. यावर व्यवहार्य तोड म्हणजे हा टप्पा वेगळा करणे. विहिरीत तांब्याची लवचीक केबल आणि जमिनीवरच्या टप्प्यात पाइपातून पुरलेली, पत्र्याचे किंवा तारेचे कवच असलेली अ‍ॅल्युमिनिअमची केबल वापरता येते. अ‍ॅल्युमिनिअमचा विद्युतरोध तांब्याच्या सुमारे 1.6 पट असल्यामुळे तांब्याच्या 6 च्या जागी अ‍ॅल्युमिनिअमची 10, तर 10 च्या जागी 16 ची केबल धरावी. तांबे आणि अ‍ॅल्युमिनिअम यांचा थेट पीळ मारू नये. ओलाव्यात असा सांधा खंगतो, तापतो आणि एक फेज सुटतो. दोन धातूंसाठीची खास लग वापरून सांधा बंद पेटीत घ्यावा. उरलेल्या केबलीचे वेटोळे करून उन्हात ठेवण्याची पद्धतही बंद व्हावी. वेटोळ्यातील उष्णतेला बाहेर पडण्यास वाट मिळत नाही.

सांधा आणि पंप सोडणे

पाण्याखालचा सांधा हा सर्वांत नाजूक भाग होय. तिन्ही कोअर वेगवेगळ्या लांबीवर कापून त्यांचे सांधे एकमेकांसमोर येणार नाहीत अशी रचना करावी. तांब्याच्या नळीत तारा घालून पक्क्या दाबाव्यात, त्यावर प्रथम रबराची चिकटणारी टेप ओढून गुंडाळावी आणि मग पीव्हीसी टेप. नुसत्या पीव्हीसी टेपेवर विसंबू नये. तिच्या पदरांतून पाणी हळूहळू आत शिरते. सांधा बादलीभर पाण्यात काही तास बुडवून मेगरने तपासावा. एक मेगाओहमपेक्षा कमी वाचन आल्यास पंप विहिरीत सोडू नये.

सोडताना केसिंगच्या काठावर गोणपाट बांधावे, कारण केबल कापली जाते ती बहुधा तेथेच. साधारण दर तीन मीटरवर पाइपाला प्लास्टिकच्या पट्टीने बांधावे. बांधणीची लोखंडी तार आवरणात रुतते. एचडीपीई पाइप पाण्याच्या भाराने लांबतो, म्हणून प्रत्येक दोन बांधण्यांच्या मध्ये केबलला किंचित ढील द्यावी. पंपाचे वजन केबलीवर येता कामा नये. त्यासाठी वेगळा दोर असतो.

अर्थिंग

तीन कोअरच्या केबलीत अर्थिंगची तार नसते. पूर्वी लोखंडी पाइप असत, तेव्हा तो पाइपच काही अंशी अर्थिंगचे काम करी. आता कॉलम पाइप प्लास्टिकचे आहेत आणि मोटरीचे धातूचे कवच जमिनीपासून तुटलेले असते. आवरण फाटून त्या कवचात वीज उतरली तर ती रिलेला कळत नाही. खोल विंधन विहिरीत याचा परिणाम मोटरीपुरता राहण्याची शक्यता असते. उघड्या विहिरीतील सबमर्सिबल पंपाबाबत मात्र गाळ काढण्यास किंवा पोहण्यास उतरलेल्या माणसाच्या जिवावर बेतते. म्हणून चार कोअरची केबल घ्यावी किंवा अर्थिंगची स्वतंत्र तार मोटरीच्या कवचापासून वर आणून पक्क्या अर्थ-खड्ड्याला जोडावी, आणि स्टार्टरपूर्वी गळती ओळखून वीज तोडणारा ब्रेकर बसवावा. उघड्या विहिरीत कोणीही उतरण्यापूर्वी स्टार्टर बंद करणे पुरेसे नाही. मेन स्विच पाडून फ्यूज काढून खिशात ठेवावेत.

केबल बसविल्याच्या दिवशीच तिची जाडी, लांबी, पंपाची खोली, सांध्यांची संख्या, मेगरचे वाचन आणि चालू पंपाचा तिन्ही फेजचा प्रवाह एका कागदावर लिहून तो स्टार्टरच्या पेटीच्या आतल्या बाजूला चिकटवावा. पुढे कधी पंप अडखळला, तर येणाऱ्या वायरमनला तुलनेसाठी हेच आकडे लागतात.